सासुरवाडीचे सरगुंडे

आमच्या घरी गहू म्हणजे सणाचं धान्य. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि ज्वारी. गहू एखाद्या पट्ट्यात, तोही जमिनीत ओल टिकली तर. म्हणून वर्षभर दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, आणि गव्हाचं पीठ मळलं जायचं ते होळीला, पोळ्याला, दिवाळीला, नाहीतर पाहुणे आले म्हणजे. ते मळलं की गुळाचा डबाही उघडायचा. त्यामुळे लहानपणी गहू आणि गोड या माझ्या लेखी दोन वेगळ्या वस्तू नव्हत्याच. पुरणाची पोळी, सांजोऱ्या, करंज्या, शेवयांची खीर. गोड म्हटलं की गहू आलाच.

सणाच्या संध्याकाळी माझं पोट दुखणार, हेही घरात ठरून गेलेलं होतं. दुपारी पोटभर जेवावं आणि दिवेलागणीला पोट धरून लोळावं. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग जुलाब, आणि पुढचे काही दिवस तोंड आलेलं. माय आधी चिडायची. "हावऱ्यासारखा खाते आन् मंग लोळते!" मग तिलाच कळवळा यायचा आणि ती मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की म्हणायची, "पाय, केवढी नजर लागली होती माह्या लेकराले." दोनेक दिवसांनी भाकरीवर आलो की मी बरा व्हायचो आणि नजर उतरली असं मानलं जायचं. कोणाला दुसरा काही संशय यायचं कारणच नव्हतं. ज्या धान्यासाठी आम्ही वर्षभर वाट पाहायचो, ते अन्नच बाधत असेल हे कोणाच्या मनात येणार?

वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यात कोणी तिथवर पोचलं नव्हतं. वडील म्हणाले, "शिकते तर शिकू दे," आणि मोठ्या भावानं माझ्या वाटणीचं शेतीचं काम आपल्या अंगावर घेतलं. मी अमरावतीला कॉलेजात आलो, वसतिगृहात राहिलो. तिथल्या मेसमध्ये दोन्ही वेळा पोळी. पहिल्या दिवशी ती पाहून मला वाटलं, आपण रोजच सणात येऊन पडलो. पण दिवाळीपर्यंत माझ्या गळ्याची हाडं दिसायला लागली. वर्गात बसवेना, वाचलेलं डोक्यात राहीना. कॉलेज सोडून गावी जावं आणि वखर हाती धरावं असं मनात येऊ लागलं.

माझ्या खोलीतल्या मुलानं मला ओढतच एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "घरी काय खात होतास?"

"भाकर."

"आणि इथं?"

"पोळी."

"पंधरवडाभर भाकरच खा आणि मग मला येऊन तोंड दाखव."

बाहेरच्या एका खानावळीत पंधरवडाभर भाकर खाऊन मी गेलो तेव्हा चालण्यातच फरक पडला होता. डॉक्टर म्हणाले, "कोणाला वांगं मानवत नाही, कोणाला दूध. तुला गहू मानवत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यावर औषधही नाही." मेसच्या व्यवस्थापकांनी माझ्यापुरत्या भाकरी थापायला परवानगी दिली. पोरं चिडवायची, "आला रे आमचा भाकरपंडित!" पण त्यांतलाच एखादा हळूच म्हणायचा, "अर्धी मले दे न यार." त्या भाकरीवर मी बी.ए. झालो. ते डॉक्टर, ते व्यवस्थापक, मला ओढत नेणारा तो मित्र, यांच्यापैकी एकानं जरी मान फिरवली असती तरी मी पदवीपर्यंत पोचलो नसतो. हे मी आजवर अनेकदा बोललो आहे, आता लिहूनही ठेवतो.

सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"गव्हानं? गव्हानं कोणाले काही होते काय? लोकं गव्हासाठी तरसतात. तुह्या डाक्टराले म्हणा, आमच्या घरी येऊन राय, आमी दाखवतो गहू किती दिवस दिसते ते!"

मी तिला समजावायचा प्रयत्न केला, पण तिचं मत हललं नाही. तसा तिला फरकही पडत नव्हता, कारण घरात भाकरच शिजायची.

पुढे अमरावतीच्याच एका शाळेत मला नोकरी लागली. दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं आणि माझं करायला माय गावाहून माझ्याकडे आली. मग माझं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, वडील जिनिंगमध्ये कामाला, सात इयत्ता शिकलेली, कमी बोलणारी पण बोलली तर नेमकं बोलणारी. माय तिच्यावर खूश होती. दोघी पहाटे एकाच वेळी उठत, एक पाणी भरी आणि दुसरी भाकरी थापी.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जावयाला आंब्याच्या रसाला बोलावतात. मलाही बोलावणं आलं आणि आम्ही दोघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. रसाबरोबर तिथं सरगुंडे होते. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं पीठ घट्ट मळतात, बोटांनी त्याची सुतासारखी बारीक वळी करतात आणि ती वळी बारीक काडीवर गोल गोल गुंडाळत नेतात. मग काडी अलगद ओढून घ्यायची आणि ते वेटोळं उन्हात वाळवायचं. जेवायच्या वेळी उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून, वर तूप आणि वाटीत रस. एक एक सरगुंडा वळायला किती वेळ जातो हे पाहिल्याशिवाय कळत नाही. होळी झाल्यापासून गल्लीतल्या बायका माझ्या सासूबाईंच्या ओट्यावर काड्या घेऊन बसत होत्या, ते सगळं या एका पंगतीसाठी.

ताट समोर आलं. सरगुंडे, तळलेली कुरडई, रस, तूप. भाकर कुठंच नव्हती, असणार तरी कशी? रसाला आलेल्या नव्या जावयाच्या ताटात भाकर वाढली असती तर सासूबाईंना गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी ताटाला हात लावत नाही असं पाहून धाकटी मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, लाजून राहिले काय? का ताईनं दम देऊन आणलं, कमी खाजा म्हणून?"

शेजारच्या एक मावशी दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर हायेत माय ते! आधी फळ्यावर लिहितीन, मंग खातीन."

सगळे हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या हात पुसत म्हणाल्या, "जवाईबापू, याच्यातले अर्धे तुमच्या बायकोनं वळले हायेत. लगनाच्या आधीचे जपून ठेवले होते म्या."

मी खायला लागलो. केवळ सासूबाईंचा मान राखायला खाल्लं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सरगुंड्याच्या पोकळीत रस शिरतो, तूप शिरतं, आणि दाताखाली आल्यावर ते सगळं एकदम सुटतं. मी मागून घेतलं. पुन्हा मागून घेतलं. बायको दाराआडून माझ्याकडे पाहत होती. तिला मी गव्हाचं सांगितलेलं होतं. तिनं मान हलवून नको म्हटलं, मी दुसरीकडे पाहिलं.

परतीच्या गाडीतच पोटात कळा सुरू झाल्या. घरी पोचलो तो भिंत धरत. मायनं विचारलं, "काय खाल्लं तिथं?"

"सरगुंडे."

"कोणाच्या हातचे?"

या प्रश्नाचं मला तेव्हा नवल वाटलं, इतकंच. दिवाळीला पुन्हा अकोल्याला गेलो, करंज्या-शंकरपाळे खाल्ले आणि पुन्हा तसाच परतलो. त्याच सुमारास नळावर मायला कोणीतरी कुठल्याशा जावयाची गोष्ट सांगितली होती. सासूनं त्याला खाण्यातून काहीतरी घातलं, मग तो आईबापांना विसरला आणि सासुरवाडीलाच राहिला. मायच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या. घरातला शिकलेला, पगार आणणारा मुलगा. आणि अकोल्याहून आला की दर वेळी आजारी. तिला आजारापेक्षाही मी तुटण्याची भीती होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसताच वाद घालायचो.

"अगं, तो गहू आहे!"

"गहू तर गव्हावानीच राहते. हे गव्हाच्या आत काहीतरी हाये."

बायकोला ती सरळ काही म्हणाली नाही, पण पहाटे दोघींचं एकत्र उठणं बंद झालं. माझं ताट माय स्वतः वाढू लागली. आणि मग बायकोला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा महिना लागल्यावर तिचा भाऊ न्यायला आला. मायनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "सून जाणार नाही. बाळंतपण इथंच होईन."

तो बिचारा कपातला चहा तसाच ठेवून गेला. त्या रात्री बायको मला म्हणाली, "मला आईकडे जायचंय. माझ्या आईचं तोंड पाहिल्याशिवाय मला हे जमणार नाही." ती एरवी काही मागत नसे. मी मायशी बोललो, चिडलो, रागावलो, गावाहून वडिलांना बोलावण्याची भाषा केली. माय एकच म्हणायची, "पोटातलं लेकरू आमचं हाये. त्याले बी खाऊ घालतीन ते." पदवी घेतलेला मी, रोज पोरांपुढे तास तास बोलणारा, मायपुढे माझा एकही शब्द टिकला नाही.

आठवड्यानं माझ्या सासूबाई स्वतः आल्या. एकट्याच, हातात पिशवी. ओट्यावर पाय ठेवला आणि मायनं दारातूनच म्हटलं, "इहीनबाई, तुमी आल्या, बरं केलं. पण पोरगी नेता येणार नाही."

"काहून?"

"तुमच्या हातचं खाऊन माह्या पोराचं काय होते ते तुमाले ठाऊक हाये."

सासूबाईंना खरोखरच काही ठाऊक नव्हतं. अकोल्यात मी पोटाचं कोणालाही कळू दिलं नव्हतं. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, यांना गहू मानवत नाही. तुझ्याकडे येतात, गोड खातात आणि आजारी पडतात. आत्याबाईंना वाटतं तू करणी करतेस."

हे ऐकून सासूबाई ओरडतील किंवा रडतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, ओट्यावर बसल्या आणि पदरानं घाम पुसला.

"इहीनबाई, मी शपथ घेतली तर तुमी मानसान काय?"

"नाही मानणार."

"मले बी तसंच वाटते. मंग असं करा. गहू तुमच्या वावरातला घ्या. तुमी दळून आणा, तुमी मळा, तुमीच लाटा आन् तुमीच वाढा. मी उंबरठा ओलांडत नाही. तुमच्या घरचं पाणी बी पीत नाही. याच ओट्यावर बसते. जवाईबापूले काही नाही झालं तर मी एकटी परत जाते."

मायला हे आव्हान आवडलं. तिला आपल्या हाताची पक्की खात्री होती. आमच्याच शेतातला बन्सी गहू घरात होता. ती स्वतः गिरणीवर जाऊन दळून आली, डाळ शिजत टाकली, पुरण वाटलं. सून मदतीला उठली तर म्हणाली, "तू बस. तुहा हात नको लागू देऊ." दुपारपर्यंत घरभर पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास सुटला. सासूबाई बाहेर उन्हाच्या कडेला बसून होत्या. शेजारणीनं त्यांना पाणी आणून दिलं.

माझ्यापुढे ताट आलं. काय होणार हे मला ठाऊक होतं आणि ते व्हावंच अशी माझी इच्छा होती, असं विचित्र जेवण मी आयुष्यात दुसरं जेवलो नाही. बायको कोपऱ्यात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिनं या वेळी मान हलवली नाही. मायनं तव्यावरची पोळी ताटात टाकली, वर तूप सोडलं आणि समोर बसून राहिली. तिच्या हातची पुरणाची पोळी मी कॉलेजात गेल्यापासून पोटभर खाल्ली नव्हती. पहिला घास घेतला आणि मी कशासाठी खातो आहे हेच विसरून गेलो. काठापर्यंत पुरण, जिभेवर ठेवताच विरघळणारी. माय म्हणाली, "घे अजून," आणि मी घेतली. तिचा चेहरा उजळला होता. मीही खूश होतो. तो अर्धा तास आम्ही दोघं माय-लेक फार सुखात होतो.

दिवे लागले आणि मी आडवा झालो.

आधी माय म्हणाली, "सोंग करून राहिला काय रे?" मग तिनं पोटावर हात ठेवला. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. मी घाईनं मोरीकडे गेलो, आलो, पुन्हा गेलो. माय माझ्या उशाशी बसून पोट चोळत राहिली. मी कण्हलो तसा बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "हिंग हाये काय घरात? बेंबीवर लावा कोमट पाण्यातून."

माय उठली, दाराशी गेली आणि म्हणाली, "आतमंदी या न. मले डबा सापडून नाही राहिला."

डबा फळीवर समोरच होता.

सासूबाई आत आल्या. एकीनं हिंग कालवला, दुसरीनं लावला. मग माय एकदम रडायला लागली.

"बारका होता तवापासून, प्रत्येक सणाले... म्याच खाऊ घातलं न व याले. आन् मीच याची नजर काढत होती."

"तुमाले काय ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "वर्षातून किती खेपा गहू शिजत होता तुमच्या घरी? कोणाच्या ध्यानात येईन?"

"आता म्हणा इहीनबाई, म्याच माह्या पोरावर करणी केली."

"मी काहून म्हणू? मले माही लेक न्यायची हाये."

मायनं डोळे पुसले आणि रडता रडता हसली. पडल्या पडल्या मलाही हसू आलं, पण हसल्यानं पोट दुखलं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं आधी आपल्या आईला पाणी दिलं. दिवसभर तिच्या आईनं या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

पुढच्या आयुष्यात मी फार शहाणा झालो असं नाही. लग्नाकार्यात जिलबी समोर आली की माझा हात अजूनही पुढे जातो, आणि दोन दिवस मी भोगतो. पण त्या दिवशीच्या पोटदुखीबद्दल मी देवाचे आभार मानतो. मी शिकलेला असूनही जे समजावून सांगू शकलो नाही, ते एका बाईनं दुसऱ्या बाईच्या चुलीवर विश्वास टाकून करून दाखवलं. आणि माझ्या मायबद्दल तर मला त्याहून जास्त कृतज्ञता वाटते. आपलं चुकलं हे डोळ्यांनी दिसल्यावर ती एक रात्रही अडून बसली नाही. त्या काळी, त्या वयाच्या सासूनं सुनेच्या आईपुढे असं वाकणं मी आमच्या गावात तोवर पाहिलं नव्हतं.

मला उठून बसता यायला लागलं तसा मायनं सुनेची ओटी भरली. बडनेऱ्यापर्यंत मीच पोचवून येतो म्हटलं तर ती म्हणाली, "मी बी येते," आणि पायात चपला घालून टांग्यात जाऊन बसली. स्टेशनवर गर्दी होती. तिनं पुढे होऊन डब्यात खिडकीजवळची जागा धरली, सुनेला बसवलं, पाठीशी घोंगडी लावून दिली. खाली उतरली आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली. गार्डानं शिट्टी दिली.

"जाय बाई," ती सुनेला म्हणाली. "पाणी उकळून पेजो. जड उचलू नको. आन् तुही माय जे देईन ते खाजो. काही विचारू नको, खाजो."

बायकोनं खिडकीतून हात काढून मायच्या हातावर ठेवला. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. गाडी हलली तरी मायनं गज सोडला नव्हता. ती डब्याबरोबर चालत गेली, आणि शेवटी मला तिचा दंड धरून तिला मागे घ्यावं लागलं.